लिहायला घर सोडून का जायचं?

विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा लांबते. पुण्या-मुंबईकडे जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते. नागपुरात ती वाजायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला तरी जमीन निवायला पावसाच्या दोन-चार चांगल्या सरी लागतात. एवढ्या मोठ्या सुट्टीत मुलांना गुंतवायचं म्हणून वस्तीवस्तीत शिबिरं भरतात. पोहणं, स्केटिंग, तबला, चित्रकला, नाटक. यात कुणी नववी-दहावीच्या मुलांसाठी लेखनाचं शिबिर काढलं, तेही दोन आठवडे राहण्याचं, तर पालक विचारणारच. पोहायला तलाव लागतो, नाटकाला माणसं लागतात. लिहायला वही-पेन पुरतं. ते काम एकट्यानं, घरच्या कूलरसमोर बसूनही होतं. मग त्यासाठी लेकराला घराबाहेर कशाला ठेवायचं?

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की अशा शिबिरातल्या राहण्याचा संबंध शिकवण्याशी थोडा आणि पुन्हा लिहिण्याशी फार आहे. एकदा लिहून झालेलं दुसऱ्या दिवशी नव्यानं लिहायला बसावं, अशी परिस्थिती घरी तयार होत नाही आणि शाळेत तर नाहीच. ती तयार कशी करतात, ते पाहू.

अमळनेरचं छात्रालय

मराठीत या कल्पनेचा माग काढायचा तर अमळनेरला जावं लागतं. साने गुरुजी १९२४ मध्ये तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हातानं लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं. १९३० मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी नोकरी सोडली, तेव्हा हा उद्योग थांबला.

हस्तलिखित दैनिकाचा वाचक त्याच छपराखाली राहतो, ही यातली कळीची गोष्ट. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये टपाल नाही, छापखाना नाही, महिन्याभराची वाट पाहणं नाही. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, तिची मांडणीही पाहा. आश्रमातले सोबती रोज रात्री जमतात, श्याम त्यांना एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांची नावंच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत. एकत्र राहणारी माणसं आणि रोज येणारी रात्र, एवढ्या सामग्रीवर ते पुस्तक उभं आहे.

अमेरिकेत याच सुमारास ही कल्पना संस्थांच्या रूपानं उभी राहत होती. व्हरमाँटच्या डोंगरात ब्रेड लोफ इथं १९२६ पासून उन्हाळ्यात लेखकांचा निवासी मेळावा भरतो. आयोवा विद्यापीठानं १९३६ मध्ये लेखकांसाठी कार्यशाळा सुरू केली आणि १९६७ मध्ये जगभरच्या लेखकांना बोलावणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम जोडला. आपले कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात याच उपक्रमासाठी आयोवाला राहिले होते. आज त्याच विद्यापीठात 'आयोवा यंग रायटर्स स्टुडिओ' नावाचा हायस्कूलच्या मुलांचा उन्हाळी उपक्रम चालतो. ओहायोतल्या केनियन कॉलेजातही तसाच आहे. मुलं वसतिगृहात राहतात, वाचतात, लिहितात, आणि एकमेकांचं लिखाण गोल बसून चर्चेला घेतात.

बहार धरण्याआधीचा ताण

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला अशा शिबिराचा पहिला टप्पा समजावून सांगावा लागणार नाही. संत्र्याच्या झाडाला पाणी मिळतच राहिलं तर ते पालवत राहतं. मृग बहार हवा असेल तर बागायतदार उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतो. याला ताण देणं म्हणतात. नवी पालवी थांबते, अन्न फांद्यांत साठून राहतं, आणि मृगाचा पाऊस पडला की झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर नुसता पाला फुटतो. जास्त झाला तर झाड खंगतं. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, हे तो झाड पाहून ठरवतो.

पंधरा वर्षांच्या मुलाचं रोजचं पाणी म्हणजे शिकवणीचा गृहपाठ, टेस्ट सिरीज, मोबाईलवर दर दोन मिनिटांनी येणारा निरोप, आणि मधूनच आईची हाक. यातलं काहीही वाईट नाही. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला लगेच प्रतिसाद द्यावा लागतो, आणि प्रतिसाद देत राहणारं मन पालवत राहतं. शिबिरात हे पाणी काही दिवस तोडतात. पहिले दोन दिवस मुलं कंटाळतात, चिडतात, घरी फोन करू द्या म्हणतात. चांगला शिबिरचालक तेव्हा खेळ आणि कार्यक्रमांनी तो कंटाळा भरून काढत नाही. अर्थात हट्टानं ताणतही नाही. घरची फार आठवण येणाऱ्या मुलीला फोन देतोच.

हा रिकामेपणा इतका का लागतो? कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या संशोधकांनी लोकांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं, नोंदी घेतल्या, आणि १९८१ मध्ये लेखनाच्या प्रक्रियेचं चित्र मांडलं. आधी ठरवायचं, मग उतरवायचं, मग तपासायचं, अशी रांग प्रत्यक्षात नसते, असं त्यांना दिसलं. तिन्ही कामं सतत एकमेकांत घुसत असतात. वाक्य अर्ध्यावर असताना लेखक पुढचा मुद्दा शोधत असतो आणि मागचा शब्दही पारखत असतो. माणसाचं मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती आणि 'बाईंना हे आवडेल का' ही शंका आली, की मूळ सांगायचं होतं तेच हातातून निसटतं.

म्हणून सकाळच्या पहिल्या सत्रात तपासणी बंद ठेवतात. दहा मिनिटं कागदावरून पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, शुद्धलेखनाकडे बघायचं नाही. काही सुचलं नाही तर 'काही सुचत नाही' असंच लिहायचं. पीटर एल्बो या शिक्षकानं १९७३ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत रुजवली. त्या दहा मिनिटांतलं बहुतेक टाकाऊच असतं. पण एखादी ओळ अशी निघते की मुलगा स्वतःच तिच्यापाशी थबकतो. दिवसभराचं काम त्या ओळीवर चालतं.

बक्षीस दूर ठेवण्याचं कारण

आपल्याकडे मुलांच्या लेखनाला उत्तेजन द्यायचं म्हणजे स्पर्धा घ्यायची, अशी रीत आहे. निबंध स्पर्धा, काव्यवाचन स्पर्धा, पहिला-दुसरा-तिसरा आणि उत्तेजनार्थ. निवासी लेखन शिबिरात मात्र क्रमांक देऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याला आधार आहे.

मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुळातच लिहिण्याची आवड असलेले ७२ तरुण त्यांनी घेतले आणि सगळ्यांकडून एक छोटी कविता लिहून घेतली. मग एका गटाला लिहिण्याची बाहेरची कारणं क्रमानं लावायला दिली: नाव होतं, पैसे मिळतात, शिक्षक कौतुक करतात. दुसऱ्या गटाला आतली कारणं दिली: शब्दांशी खेळायला आवडतं, मनातलं स्पष्ट होतं. तिसऱ्या गटाला कारणांचं काहीच दिलं नाही. नंतर सगळ्यांनी आणखी एक कविता लिहिली आणि कोणती कुणाची हे न सांगता अनुभवी कवींकडून सगळ्या कविता पारखून घेतल्या. बाहेरच्या कारणांचा विचार करून आलेल्या गटाची दुसरी कविता उतरली होती. प्रत्यक्ष बक्षीस कुणालाच मिळालं नव्हतं. काही मिनिटांचा नुसता विचार पुरेसा ठरला.

लेखकानं गप्प बसायचं

दुपारी मुलं गोल बसतात. ज्याच्या लिखाणाची पाळी असेल तो ते वाचून दाखवतो, किंवा बाकीच्यांनी आधीच वाचलेलं असतं. त्यानंतर नियम एकच आणि कडक: लेखकानं बोलायचं नाही. एकेक जण आपल्याला काय दिसलं, कुठं गुंतलो, कुठं वाट चुकली ते सांगतो. लेखक फक्त टिपून घेतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी पेनसिल्व्हेनियात १९६८ मध्ये सुरू झालेली सहा आठवड्यांची क्लॅरियन कार्यशाळा याच शिस्तीसाठी ओळखली जाते. पुढे मोठी कादंबरीकार झालेली ऑक्टेव्हिया बटलर १९७० मध्ये तिथं शिकली.

लेखकाला गप्प बसवण्यामागचं कारण एका साध्या प्रयोगातून कळतं. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं काहींना प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या कानात चाल घुमत असते; समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते.

लिहिणाऱ्याचं तंतोतंत असंच होतं. 'आजोबा गेले आणि घर रिकामं झालं' असं लिहिताना मुलीच्या डोळ्यांसमोर आजोबांची आरामखुर्ची, त्यांचा अडकित्ता, अंगणातला त्यांचा खोकला, सगळं हजर असतं. वाचणाऱ्याला मिळतात फक्त ते सहा शब्द. तिला बोलू दिलं तर ती तोंडी खुलासा करेल, सगळे माना डोलावतील, आणि कागद होता तसाच राहील. गप्प बसली की तिला पहिल्यांदा कळतं, अडकित्ता कागदावर आलेलाच नाही.

अशा वेळी टीका बोचू नये म्हणूनही काही रीत पाळावी लागते. मत लिखाणाबद्दल द्यायचं, लिहिणाऱ्याबद्दल नाही. 'छान आहे' आणि 'बोअर आहे' हे दोन्ही शेरे बाद. कोणत्या ओळीपाशी काय झालं ते सांगायचं. मुलं हे दोन-तीन दिवसांत शिकतात. दुसऱ्याच्या लिखाणात नेमकी जागा दाखवायची सवय लागली की तीच नजर आपल्या कागदावरही पडते, आणि शिबिराचा हा लाभ मला सगळ्यांत टिकाऊ वाटतो.

रात्र मध्ये आली पाहिजे

आता मूळ मुद्दा. शाळेत मुलगा निबंध एकदाच लिहितो. 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहून दिलं, लाल शाईत गुण आले, वही बंद. दहावीच्या मराठीत आता कथालेखन, बातमी, प्रसंगलेखन असे प्रकार आहेत, हे चांगलंच. पण तेही तीन तासांच्या पेपरात एकटाकी लिहायचे असतात. परीक्षेला दुसरा इलाज नाही. मात्र दहा वर्षं असं लिहून मुलाच्या मनात एक समजूत घट्ट बसते: ज्याला येतं त्याला पहिल्या झटक्यात येतं.

नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये वीस नवखे विद्यार्थी आणि वीस मुरलेले लेखक यांच्या खर्ड्यांची तुलना केली. पुन्हा लिहा म्हटल्यावर विद्यार्थी शब्द बदलत. एकाच शब्दाची पुनरुक्ती काढत, जरा भारदस्त प्रतिशब्द घालत. मुरलेले लेखक मात्र आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हेच पुन्हा शोधत. परिच्छेद उचलून दुसरीकडे नेत, सुरुवात फेकून देत.

एवढं धैर्य लिहून झाल्या झाल्या येत नाही, कारण तेव्हा कानातली चाल अजून चालूच असते. लिखाण थोडं परकं व्हावं लागतं. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात दोन खर्ड्यांमध्ये सात दिवस जातात. तोवर ती गोष्ट निवून गेलेली असते, मध्ये दोन चाचण्या होऊन जातात. एकाच दिवसाच्या कार्यशाळेत मध्ये काहीच नसतं. निवासी शिबिरात बरोबर एक रात्र असते. दुपारी ऐकलेलं मत संध्याकाळभर डोक्यात घोळतं, जेवताना त्यावर वाद होतो, गच्चीवर अंथरूण टाकल्यावर शेजारची मुलगी म्हणते, 'पण त्या आजोबांचं पुढे काय झालं?', आणि सकाळी कागद हातात घेताना तो थोडा दुसऱ्या कुणाचा वाटतो. दोन आठवड्यांत हे चक्र आठ-दहा वेळा फिरतं. साप्ताहिक वर्गाला तेवढ्यासाठी दोन-अडीच महिने लागतील, आणि मधली संध्याकाळ तरीही मिळणार नाही.

मराठीत हे काम संपादकांनी पत्रांतून केलं आहे. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत, आणि एकेका कथेचे अनेक खर्डे होत. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली. असं सावकाशीनं परत पाठवणारं माणूस आज नव्या लेखकाला क्वचितच भेटतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तर भेटण्याची शक्यताच नाही.

> चौकट: बाराखडी नागपूरची
>
> लेखन शिकवता येतं का, या शंकेला विदर्भातूनच एक उत्तर मिळालेलं आहे. अमरावतीत जन्मलेले आणि नागपुरात दीर्घकाळ राहिलेले सुरेश भट (१९३२–२००३) यांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. गझलेतला प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि स्वतंत्र अर्थाचा. सगळ्या ओळी एकाच वृत्तात. शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द म्हणजे रदीफ, त्याच्या आधीचं यमक म्हणजे काफिया. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत ही जोडी आली की तो मतला. हे नियम त्यांनी सोप्या मराठीत मांडले आणि पत्रांतून अनेकांच्या गझला तपासल्या. प्रतिभा वाटता येत नाही, तंत्र वाटता येतं, आणि ते त्यांनी हात राखून न ठेवता वाटलं.

घरची भाषा, शाळेची भाषा

नागपूरच्या शिबिराला एक लाभ असा मिळू शकतो की तो आयोवाला मिळणार नाही. एकाच खोलीत भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली बोलणारी मुलगी, अकोल्याकडची वऱ्हाडी बोलणारा मुलगा, गडचिरोलीतून आलेला माडिया भाषक आणि नागपुरी हिंदी-मराठीत वाढलेलं शहरी पोर असं सगळं असू शकतं. शाळेनं या सगळ्यांना शिकवलं आहे की लिहायचं ते पुस्तकी मराठीत. त्यामुळे त्यांच्या कथांमधल्या आज्याही 'अरे बाळा, तू कुठे गेला होतास?' अशा बोलतात.

दोन-तीन रात्री एकमेकांचं बोलणं ऐकल्यावर हा बांध फुटतो. 'तुझी आजी खरंच अशी बोलते?' हा प्रश्न मित्रानं विचारला की पुरतो. अशा वेळी उद्धव शेळके यांची १९६० मधली 'धग' कादंबरी मुलांच्या हातात द्यावी. अमरावती जिल्ह्यातलं एका शिंपी कुटुंबाचं जगणं आणि पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी. आपल्या घरची भाषा मोठ्या पुस्तकात वावरते, हे पाहिल्यावर मुलांच्या संवादांत जीव येतो.

वेळापत्रक उन्हाच्या कलानं

नागपूर परिसरात मे महिन्यात असं शिबिर घ्यायचं तर दिवसाची आखणी ऊनच करतं. पहाटे साडेपाच-सहापासून नऊपर्यंत लेखन, कारण तेवढाच काळ डोकं थंड असतं. अकरा ते चार दारं-खिडक्या लावून वाचन, झोप, आणि नंतर गोल बसून चर्चा. उन्हं उतरल्यावर बाहेर. रात्री वाचन, गप्पा. चिखलदऱ्यासारखं उंचावरचं ठिकाण मिळालं तर उत्तम, पण आवश्यक नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी भर मे महिन्यातच भरत आली आहे आणि तरुण तिथं उन्हात माती उचलतात. वीस-पंचवीस मुलं, दर आठ-दहा मुलांमागे एक मार्गदर्शक, चांगल्या पुस्तकांची दोन कपाटं आणि भरपूर कोरा कागद, एवढ्यावर भागतं. शेवटी सगळ्यांच्या लिखाणाचं एक हस्तलिखित करावं. छापील पुस्तकाची घाई नको. पंधराव्या वर्षी छापलेल्या ओळी पंचविसाव्या वर्षी नकोशा होऊ शकतात.

लिहिलेलं कुणाच्या हाती पडतं

मनातलं लिहा म्हटलं की मुलं मनातलं लिहितात, आणि ते नेहमी फुलापाखरांचं नसतं. घरातली मारहाण, बापाची दारू, कुणी केलेला नकोसा स्पर्श. वीस मुलांत एखाद्या कागदावर हे येईल असं धरूनच तयारी हवी. वही मुलाची असते आणि ती त्याला न विचारता पालकांनाही दाखवायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा. त्याला एकच अपवाद, आणि तोही त्याच दिवशी सांगायचा: मूल धोक्यात आहे असं दिसलं तर मोठ्यांना पाऊल उचलावंच लागेल. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ते ऐच्छिकही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी बाब पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. शिबिरात एखादी समुपदेशक राहायला असावी. कथेतली घटना आणि घडलेली घटना यांत गल्लत होऊ नये, म्हणून आधी मुलाशी एकट्यानं, शांतपणे बोलण्याचं काम तिचं.

पालकांनी नाव नोंदवण्याआधी आयोजकांना हे सगळं विचारावं. रात्री मुलामुलींबरोबर कोण राहतं, एका मार्गदर्शकाकडे किती मुलं, आजारी पडलं तर दवाखाना किती दूर. कोणते नामवंत साहित्यिक भेटीला येणार, ही चौकशी सगळ्यांत शेवटी केली तरी चालेल. पाहुण्याचं तासाभराचं भाषण ऐकायला राहावं लागत नाही. त्याऐवजी मागच्या शिबिरातल्या एखाद्या मुलाच्या एकाच कथेचा पहिला आणि तिसरा खर्डा, त्याची परवानगी घेऊन, शेजारी शेजारी ठेवून दाखवा असं म्हणावं.